खोक्याला अर्थ नाही

मी बोलतोय, पण तुम्हाला ते घुमणं वाटेल. जो मनातलं ओठावर येऊ देत नाही त्याला तुम्ही घुम्या म्हणता. माझं उलटं आहे. मला जे सांगायचं असतं ते मी घुमूनच सांगतो, आणि ऐकणारे म्हणतात, "याला आधी गप्प करा."

मी एक जुना अ‍ॅम्प्लिफायर आहे, जुन्या रेडिओत असायचे तसल्या काचेच्या व्हॉल्व्हचा. गिटारची वायर माझ्यात खुपसायची, बटण फिरवायचं, की तारेवरचा एवढासा आवाज मी दालनभर करतो. नाव असं मला कुणी ठेवलं नाही. सगळे "खोका" म्हणायचे, आणि मलाही त्यात कधी वावगं वाटलं नाही.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, मागाहून कुणी म्हणायला नको की लपवली. माझ्यामुळे एक माणूस गेला. बावीस वर्षं झाली त्याला. आणि मागच्या महिन्यात त्याच माणसाच्या मुलीनं मला अडगळीतून बाहेर ओढलं, समोरून फडक्यानं पुसलं आणि माझा प्लग भिंतीत लावला. ज्या दोषानं तिचा बाप गेला तो दोष माझ्या पोटात तसाच्या तसा होता. तिला ते ठाऊक नव्हतं. मला होतं.

पण जन्मापासून सांगतो, म्हणजे घोळ होणार नाही.

मला टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या एका मेकॅनिकनं घडवलं. खिडकीपाशी त्याचं टेबल होतं आणि तोंडात कायम एक स्क्रू धरलेला असायचा. बायको हाका मारून थकली की म्हणायची, "अहो, गिळलात की काय तो स्क्रू?" त्यानं पत्रा वाकवून माझा सांगाडा केला, त्यावर जडशीळ ट्रान्सफॉर्मर बसवला, पाच व्हॉल्व्ह लावले आणि सगळं एका प्लायवुडच्या पेटीत ठेवून दिलं. पहिल्यांदा वीज दिली तेव्हा व्हॉल्व्ह सावकाश तांबूस झाले. तो कान लावून बराच वेळ बसला. मी अगदी बारीक घुमत होतो. "एवढं चालायचंच," असं म्हणून त्यानं तोंडातला स्क्रू काढला आणि माझ्या पाठीत पिळला.

त्याच्याकडून मला दोन भावांनी नेलं. थोरला छापखान्यात प्रूफं तपासायचा. त्याच्या नजरेतून अनुस्वार सुटत नसे. हॉटेलात गेला तरी आधी पाटीवरच्या चुका काढायचा आणि मग चहा मागायचा. धाकटा मोटारींचं वायरिंग करायचा. नखांत काळं, बोलण्यात मिस्कील, आणि डोकं तापट. संध्याकाळी दोघं मिळून एक छोटा बँड चालवायचे. धाकटा गिटार वाजवून गायचा, थोरला मागे ड्रमवर बसायचा. मी मधे. माझं तोंड लोकांकडे आणि पाठ थोरल्याकडे. हे लक्षात ठेवा, कारण पुढे सगळं त्या पाठीवरूनच झालं.

पहिली काही वर्षं फार सुखाची गेली. धाकट्याचं लग्न झालं, मुलगी झाली. तिला कडेवर घेऊनच तो सरावाला यायचा आणि माझ्यावर बसवायचा. माझ्या उबेनं ती पेंगायची. मला कुणी गाणं शिकवलं नाही, पण तिला झोप लागावी म्हणून मी बेतानं वाजायला शिकलो.

मग आम्ही मोठ्या हॉलमध्ये वाजवायला लागलो आणि तिथे माझं घुमणं सुरू झालं. घरी मी गप्प असायचो. हॉलच्या लाऊडस्पीकरच्या यंत्राला मला जोडलं, की घूंऽऽ करून जो सूर लागायचा तो थांबायचा नाही. थोरल्याला ते सहन होईना. "शाई सांडलेल्या कागदावर वाचायला दिल्यासारखं वाटतंय," तो म्हणाला. "काहीही कर, पण हे बंद कर. नाहीतर आज वाजवायचं नाही." आणि तणतणत चहाला निघून गेला.

धाकट्यानं काय काय केलं! वायर बदलली, व्हॉल्व्ह बदलला, मला उचलून ट्यूबलाइटपासून लांब नेलं. कशानं काही फरक पडेना. शेवटी त्यानं माझा प्लग उघडला. आत तीन वायरी. दोन विजेच्या, आणि तिसरी हिरवी. ती माझ्या पत्र्यापासून निघून भिंतीतून थेट जमिनीत जाते. पत्र्यात कधी चुकून वीज उतरली तर ती माणसाच्या अंगातून न जाता त्या वायरनं मातीत जावी, म्हणून ती असते. वायरमन लोक तिला "अर्थ" म्हणतात. शब्द इंग्रजीतून आलेला, पण आपल्याकडे येऊन तो थेट आपल्या अर्थासारखाच दिसायला आणि बोलायला लागला.

धाकट्याचा जन्म मोटारींत गेलेला. मोटारीत तिसरी वायर नसतेच, गाडीचा पत्रा हीच तिची अर्थ. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "गाडीला कधी लागली का रे अर्थची वायर? बॉडी आहे ना तुला एवढी." आणि पक्कड घेऊन ती हिरवी वायर कापून टाकली. घुमणं बंद. पुसून काढल्यासारखं बंद.

थोरला चहा पिऊन आला, क्षणभर ऐकत उभा राहिला आणि भावाच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "वा रे पठ्ठ्या!" काय केलंस ते त्यानं विचारलं नाही. वायरिंगचं त्याला वावडंच होतं. घरातला बल्बसुद्धा धाकटा बदलायचा. आणि खरं सांगू? मीही खूश झालो होतो. त्या दिवशी माझं कौतुक झालं, याचंच मला सुख.

दोन वर्षं काही बिघडलं नाही. पण माझ्या पोटात, विजेची वायर आणि पत्रा यांच्या मधे, वीज थोपवून धरणारा एक चिंचोक्याएवढा कंडेन्सर होता. तो म्हातारा होत चालला होता. त्याच्यातून थोडी थोडी वीज पत्र्यात झिरपायला लागली. माझा पत्रा गिटारच्या तारांना जोडलेला. म्हणजे ती वीज धाकट्याच्या बोटांपर्यंत पोचायला लागली.

मी ओरडत होतो, पण माझी भाषा ती एकच. आता मी घुमत नव्हतो, भुणभुणत होतो, डबीत कोंडलेल्या माशीसारखा. धाकटा हसायचा. "दादा, खोका आज चावतोय," म्हणायचा आणि बोटं झटकायचा. "पण तारांवर हात ठेवला की गप्प बसतो बघ. लाडावलाय." त्याचा हात तारांवर असला की माझी भुणभुण कमी व्हायची, हे खरं होतं. पण ते लाडानं नव्हतं. मला जमिनीत जायला वाट नव्हती आणि मी त्याच्यातून वाट काढत होतो.

आता तो दिवस. सांगताना जड जातं, पण सांगतो.

हॉल ओळखीचाच होता, पण तिथला वायरमन नवा होता. दुपारी आमची तयारी चालली होती तेव्हा तो कानांवर हात ठेवून आला. "अहो, केवढा हा आवाज! याला काही अर्थ आहे का?" थोरला ड्रमवरून म्हणाला, "तुम्ही तुमच्या तारा बघा, आम्ही आमच्या बघतो." दोघांची चांगलीच जुंपली. धाकटा तेव्हा बाहेर गेला होता, नाहीतर हातघाईवर आलं असतं.

भावंडं जेवायला गेली. वायरमन पुन्हा आला. माणूस तोंडाचा फटकळ, पण कामाचा पक्का. हॉलमधल्या प्रत्येक यंत्राला टेस्टर लावून बघायची त्याची पद्धत होती. त्यानं तो माझ्या पत्र्याला टेकवला आणि टेस्टरचा दिवा लागला. "अरे बापरे," तो पुटपुटला. प्लग काढून उघडून पाहिला, तुटकी हिरवी वायर पाहिली आणि मान हलवली. इतक्यात वरच्या मजल्यावर फ्यूज गेला म्हणून त्याला हाका आल्या. त्यानं खिशातली जाड शिसपेन्सिल काढली, माझ्या पाठीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि तो वर धावला. माझा प्लग त्यानं काढूनच ठेवला होता.

त्यानं लिहिलं होतं: खोक्याला अर्थ नाही. लावू नये.

थोरला जेवून आधी आला. ड्रमवर बसला, समोर माझी पाठ. त्यानं ते वाचलं, दोनदा वाचलं, आणि त्याच्या कपाळाची शीर फुगली. दुपारचं भांडण ताजं होतं. त्याला वाटलं, हा टोमणा आहे. मग तो गालात हसला. "शुद्धलेखन तरी बरं आहे मेल्याचं," म्हणाला. आणि धाकट्यानं वाचलं तर तो कार्यक्रम सोडून भांडत बसेल, म्हणून त्यानं आपला कोट काढून माझ्या पाठीवर टाकला. प्लग उचलून भिंतीत लावला. सगळं भावाच्या काळजीपोटी केलं त्यानं.

मी भुणभुणलो. होता नव्हता तेवढा जोर लावून भुणभुणलो. धाकटा आला, तारांवर हात ठेवून म्हणाला, "हो रे बाबा, आलो." मी गप्प झालो.

दोन गाणी झाली. तिसऱ्याच्या आधी त्यानं डावा हात तारांवर ठेवूनच उजव्या हातानं माइकचा दांडा खाली करायला पकडला. त्या दांड्याला हॉलची अर्थ होती. त्याच घटकेला माझा कंडेन्सर पुरता फुटला. भिंतीतली सगळी वीज माझ्यातून तारांत, तारांतून त्याच्या एका हातात, आणि छातीतून दुसऱ्या हातात गेली. त्याला दांडा सोडता येईना. फ्यूजच्या कामात वर अडकलेला वायरमन जिन्यानं धावत आला आणि त्यानं मेन स्विच पाडला. पण उशीर झाला होता.

मेन स्विच पडेपर्यंत मी चालू होतो हो. तो पडला तरी मी चालू होतो.

वायरमन दहाव्या दिवशी घरी आला होता. मी पडवीत कोटाखाली तसाच पडलेला होतो. "मी लिहून ठेवलं होतं हो," एवढंच तो म्हणत होता. थोरला म्हणाला, "काय लिहिलंस ते वाचलंय मी. वर तोंड करून सांगायला आलास?" आणि दार लावून घेतलं. मग मला अडगळीच्या खोलीत, भिंतीकडे पाठ करून ढकललं. ड्रम कुणाला तरी देऊन टाकले. पुढे बावीस वर्षं त्यानं टेबलावर बोटंसुद्धा वाजवली नाहीत.

मुलगी मोठी झाली. भिंतीपलीकडून मी तिचा आवाज ऐकायचो. आधी रडणं, मग पाढे, मग गाणं. बाप शॉक लागून गेला एवढंच तिला सांगितलेलं. हॉलचं वायरिंग खराब होतं, असं तिचे काका सांगायचे, आणि ते स्वतःही तसंच धरून चालले होते. शिकून ती शाळेत शिक्षिका झाली. बापाची गिटार खुंटीवरून काढून वाजवायला लागली. शाळेच्या हॉलमध्ये शनिवारी कार्यक्रम ठरला, आणि आईकडून किल्ली घेऊन तिनं अडगळ उघडली.

तिनं प्लग लावला तेव्हा माझी काय अवस्था झाली म्हणून सांगू! बावीस वर्षांनी अंगात वीज आली, आणि आनंद व्हायच्या जागी धडकी भरली. मी घुमलोही आणि भुणभुणलोही, दोन्ही एकदम. तिच्या पायात रबरी चपला होत्या आणि फरशी कोरडी होती, म्हणून फक्त बोटांना मुंग्या आल्या. ती दचकली, पुन्हा तारांना हात लावला आणि हसली. "आई, बघ गं! मी हात लावला की हा गप्प होतो. ओळखतो मला."

बापाचंच हसू. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात काका छापखान्यातून आले. दारातच थिजले. मग पिशवी टाकून धावले आणि प्लग उपटला. "कुणी काढलं याला बाहेर?"

"मी. बाबांचा आहे ना?"

"यानंच खाल्लंय तुझ्या बाबाला! ऐकलंस? आता याला हात लावायचा नाही."

ती पांढरी पडली. मग ती हळूच म्हणाली, "तुम्ही तर म्हणत होता हॉलचं वायरिंग."

काकांनी माझी वायर गुंडाळायला घेतली.

"काका, मला खरं काय ते कळायला हवं. आपण कुणाला तरी दाखवू. बरा झाला नाही तर मी नाव काढणार नाही याचं. पण कारण कळल्याशिवाय पुन्हा अडगळीत नाही टाकायचा."

अशी मीटरबाई आमच्या घरी आली. हे तिचं नाव बाजारानंच ठेवलेलं. जुनी यंत्रं दुरुस्त करणारी पन्नाशीची ठेंगणी बाई, चष्म्याला दोरी, खांद्याला पिशवी. मीटर लावल्याशिवाय ती कशावर विश्वास ठेवत नाही. लोक म्हणायचे, ही चहा गरम आहे का तेही मीटर लावून बघेल.

"घुमतो की भुणभुणतो?" तिनं पहिला प्रश्न विचारला.

"दोन्ही," मुलगी म्हणाली. "आणि बोटांना मुंग्या येतात. पण तारांना हात लावला की गप्प होतो."

"थोडं गप्प होणं साधं आहे, सगळीच अशी यंत्रं होतात. मुंग्या साध्या नाहीत. प्लग कुणी लावायचा नाही." तिनं मला फिरवलं. बावीस वर्षांनी माझ्या पाठीवर उजेड पडला. तिनं चष्मा वर केला आणि मोठ्यानं वाचलं, "खोक्याला अर्थ नाही. लावू नये." मग म्हणाली, "शहाणा माणूस होता लिहिणारा."

"कसला शहाणा!" काका उसळले. "खवचट होता. आमच्या वाजवण्यावर टोमणा मारला होता त्यानं."

बाईनं त्यांच्याकडे पाहिलं, मग माझा प्लग उघडला. तुटक्या हिरव्या वायरीचं टोक चिमटीत धरून वर केलं. "टोमणा नाही हो साहेब. अर्थ नाही म्हणजे अर्थिंग नाही. ही वायर. ही कुणीतरी कापली आहे. त्यानं पाहिलं आणि लिहून ठेवलं, लावू नका म्हणून. याहून स्पष्ट काय लिहायचं?"

काका खाली बसले. खुर्ची होती शेजारी, पण ते फरशीवर बसले. एक-एक अक्षर वाचत होते ते, प्रूफ वाचतात तसं, पेन्सिलच्या ओळीखालून बोट फिरवत.

"मी वाचलं होतं," ते म्हणाले. "पोरी, मी वाचलं होतं गं. वर कोट टाकला. प्लगसुद्धा मीच लावला. आणि तो माणूस दारात आला तर त्याला हाकललं." मग ते रडले. मोठा माणूस तोंड न झाकता रडतो तेव्हा कुठे बघावं ते वस्तूलाही कळत नाही.

मुलगी त्यांच्याजवळ गेली नाही. खिडकीशी जाऊन उभी राहिली. मला वाटलं, संपलं, आता मी भंगारात. आणि वाटलं, बरं होईल.

ती तशीच पाठमोरी म्हणाली, "वायर कुणी कापली?"

काकांनी प्लगमधल्या तुटक्या टोकाकडे पाहिलं. त्यांना कळलं होतं. घरात पक्कड एकाच माणसाच्या हातात असायची.

"बाबांनी," तीच म्हणाली. "हो ना?"

"घुमणं बंद कर, काहीही कर, असं मीच म्हणालो होतो त्याला."

ती वळली. डोळे लाल होते. "बाई," ती म्हणाली, "हा नीट होईल का? खरंखुरं सांगा."

"होईल," मीटरबाई म्हणाली. "पण घुमणं कापून नाही जात. शोधून जातं."

तीन दुपारी शोध चालला. पहिल्यांदा तिनं तो मारका कंडेन्सर काढून काकांच्या तळहातावर ठेवला. एवढीशी ती वस्तू त्यांनी बोटानं उलटीसुलटी करून पाहिली. मग नवी तीन तारांची वायर घातली, हिरवी तार माझ्या पत्र्याला स्वतंत्र बोल्टनं आवळली, ओढून पाहिली, पुन्हा आवळली. मग कुठे वीज दिली. मी घुमलो.

"आता चोर कुठल्या खोलीत आहे ते बघू," ती म्हणाली आणि आवाजाचं बटण शून्यावर नेलं. "बटण शून्यावर नेलं तरी तेवढाच घुमतो. म्हणजे चोर मागच्या खोलीत." खात्री म्हणून तिनं पुढचा व्हॉल्व्ह उपटला, मग दुसरा. मी घुमतच होतो. "मागेच आहे." मागे वीज गाळून स्वच्छ करणारे मोठे कंडेन्सर होते. बावीस वर्षांत ते आतून सुकून गेलेले. ते बदलले आणि माझं घुमणं जवळजवळ गेलं.

काका आधी दारात उभे होते. दुसऱ्या दुपारी खुर्चीवर आले. डोळे मिटून म्हणाले, "घुमणं गेलं. पण भुणभुण आहे अजून. बारीक, वरच्या अंगाला."

मीटरबाईनं भुवया उंचावल्या. "कान बरा आहे तुमचा."

"चुका ऐकायचाच धंदा आहे माझा," ते म्हणाले. आणि मग कडवट होऊन पुढे म्हणाले, "एक सोडून."

भुणभुण बटणाबरोबर कमीजास्त होत होती, म्हणजे हा चोर पुढच्या खोलीत. बाई लाकडी काडीनं माझ्या एकेका सांध्यावर टिचकी मारत गेली. गिटारची वायर खुपसायच्या भोकामागचा एक टाका ढिला निघाला. तिथे तिनं नवं सोल्डर लावलं. व्हॉल्व्ह तापवणाऱ्या दोन तारा इकडेतिकडे पसरल्या होत्या, त्यांना एकमेकींचा पीळ देऊन कोपऱ्यातून नेलं. प्रत्येक फेरीनंतर ती काकांकडे बघायची आणि काका सांगायचे, "निम्मी राहिली", "अजून आहे", "आता नाही". मुलगी त्यांच्या शेजारी येऊन बसली होती.

शनिवारी दुपारी मला शाळेच्या हॉलमध्ये नेलं. मुलं यायला अवकाश होता. खुर्च्या मांडलेल्या, पंखे बंद. बाईनं मला हॉलच्या यंत्राला जोडलं आणि मी घूंऽऽ करून घुमलो. तोच सूर. अगदी तोच, बावीस वर्षांपूर्वीचा.

काकांचा चेहरा राखेसारखा झाला. मुलीनं गिटार खाली ठेवली.

"घाबरू नका," मीटरबाई म्हणाली. "या खोक्याची अर्थ एका प्लगमध्ये, हॉलच्या यंत्राची दुसऱ्यात, आणि मधे जोडणारी ही वायर. दोन अर्थ झाले की घोळ होतो. बोलण्यात होतो तसाच."

काकांनी मान खाली घातली.

"मग एक अर्थ काढायचा?" मुलीनं विचारलं.

"अर्थ कधीच काढायचा नाही. मधली वायर सोडवायची." तिनं पिशवीतून एक छोटी डबी काढली. आत नाण्याएवढा ट्रान्सफॉर्मर. आवाज एका बाजूनं दुसऱ्या बाजूला जातो, पण तारा एकमेकींना शिवत नाहीत. तिनं ती डबी मधे जोडली आणि मी गप्प झालो. हिरवी वायर जागेवर होती आणि मी गप्प होतो. हे असं होऊ शकत होतं. एवढंच हवं होतं वायर कापली त्या दिवशी, आणि आमच्यापैकी कुणाला ठाऊक नव्हतं.

बाईनं मीटरचं एक टोक तारांना, दुसरं माइकच्या दांड्याला लावलं. "शून्य," ती म्हणाली. पुन्हा लावलं. "शून्य. घे मुली, वाजव."

मुलीनं गिटारला हात घातला. काका पुढे आले.

"थांब. आधी मी."

"साहेब, मीटर शून्य दाखवतंय."

"दाखवू दे. मीटरवर माझा विश्वास आहे. पण आधी हात मी लावणार."

मुलीनं गिटार त्यांच्या हातात दिली. म्हातारा माणूस, ज्यानं एक प्लग सोडून आयुष्यात वायरला हात लावला नव्हता. त्यांनी चपला काढल्या. थंड फरशीवर अनवाणी उभे राहिले. डावा तळहात तारांवर सपाट ठेवला. उजवा हात पुढे केला, मधेच थांबवला. मग त्यांनी डोळे मिटले आणि माइकचा दांडा घट्ट पकडला.

मी सगळा जीव एकवटून गप्प राहिलो. माझ्यात वीज होती, व्हॉल्व्ह तापलेले होते, आणि त्यातलं कणभरही मी त्यांच्याकडे जाऊ दिलं नाही.

ते तसेच उभे राहिले. मुलगी जवळ आली आणि दांड्यावरच्या त्यांच्या मुठीवर तिनं आपला हात ठेवला. "काका," ती म्हणाली, "सोडता येतंय. सोडा आता."

त्यांनी बोटं एकेक करून उघडली, आणि गिटार तिच्या गळ्यात अडकवली.

मी आता शाळेच्या हॉलमध्येच असतो, माझी पाठ भिंतीपासून हातभर लांब. ते अक्षर कुणी पुसलेलं नाही. खाली काकांनी लाल शाईनं आपली सही आणि तारीख टाकली आहे, प्रूफ वाचून झालं की टाकतात तशी. माझं फार दिवसांचं काम उरलेलं नाही. व्हॉल्व्ह मिळत नाहीत हल्ली. तुमच्या घरात कुणी घुमत असेल, यंत्र असो की माणूस, तर त्याला गप्प करायच्या आधी जरा जवळ बसा आणि त्याला काय सांगायचंय ते विचारा. मी कितीही जोरात बोललो तरी एका माणसाला ते ऐकू गेलं नाही, आणि तो मला फार आवडायचा.